‘घरीच ठेवा, हजेरी आम्ही लावतो’

प्रति,
अध्यक्ष, सर्व सदस्य आणि सदस्य-सचिव,
शाळा व्यवस्थापन समिती,
महाराष्ट्रातल्या सर्व जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका व अनुदानित शाळा

विषय : पटावर नाव आहे, पण वर्गात नाही अशा मुलांबाबत

स.न.वि.वि.

मी चौथीतल्या एका मुलाची आई. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे त्याचे दोन्ही पाय ताठ आहेत, उजवा हात मनासारखा चालत नाही आणि शब्द तोंडातून बाहेर यायला वेळ लागतो. लाळ गळते. समजतं मात्र सगळं. त्याचं नाव इथं लिहीत नाही. मोठा झाल्यावर आपली गोष्ट कोणाला सांगायची ते त्याचं तो ठरवेल.

हे पत्र मंत्र्यांना किंवा आयुक्तांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. कायदे वर झालेले आहेत, चांगले झालेले आहेत आणि ते शाळेच्या पायरीपर्यंत येऊन थांबले आहेत. पायरीच्या आत तुम्ही आहात. समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. माझ्यासारखंच तुम्हीही रोज सकाळी कोणाचं तरी दप्तर भरता, कोणाची तरी वेणी घालता. म्हणून तुमच्याशी बोलणं मला सोपं वाटतं.

पहिलीच्या प्रवेशाला आम्हाला काहीच अडचण आली नाही, हे आधी सांगते. मुख्याध्यापकांनी स्वतः शेजारी बसून अर्ज भरून घेतला. प्रवेशोत्सवाला सजवलेल्या बैलगाडीत त्याला सगळ्यांत पुढं बसवलं, गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे.

अडचण दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झाली. बाकावर त्याचे पाय खाली टेकत नव्हते, तो सारखा एका बाजूला घसरायचा. मग त्याला मागच्या भिंतीशी सतरंजीवर बसवायला लागले. तिथून फळा दिसत नव्हता. लघवीला न्यायला कोणी नव्हतं, म्हणून मला फोन यायचा. शिवणाचं मशीन तसंच टाकून मी पळायची. कधी पोचायची, कधी उशीर व्हायचा. उशीर झाला की तो ओल्या चड्डीत भिंतीकडं तोंड करून बसलेला असायचा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मला शाळेत बोलावलं. चहा मागवला. अगदी आपुलकीनं म्हणाले, “ताई, पोराचे हाल बघवत नाहीत. तुम्ही त्याला घरीच ठेवा, हजेरी आम्ही लावतो. पुस्तकं, गणवेश सगळं मिळेल. परीक्षेपुरतं घेऊन या.” मी त्यांचे हात जोडून आभार मानले. खरंच मानले. मला वाटलं, माणसं देवासारखी भेटली.

आमचं घर शाळेपासून इतकं जवळ आहे की राष्ट्रगीत ओट्यावर ऐकू येतं. ते सुरू झालं की माझा मुलगा खेळणं खाली ठेवायचा. त्याला उभं राहता येत नाही आणि त्याचे हात आपोआप हलत असतात. तर तो डाव्या हातानं उजवा हात मांडीवर दाबून धरायचा, हलू नये म्हणून. ‘जय हे’ संपलं की सोडायचा. दीड वर्षापेक्षा जास्त काळ रोज सकाळी त्यानं ओट्यावरून शाळा भरवली. सरकारी कागदावर या सगळ्या काळात तो वर्गात हजर होता.

या खोट्या हजेरीनं काय होतं, ते मला फार उशिरा कळलं. शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडं शाळाबाह्य मुलांचा शोध होतो, शिक्षक बालरक्षक होऊन वीटभट्ट्यांवर, उसाच्या फडावर जातात. माझ्या मुलाला शोधायला कोणी आलं नाही, कारण तो हरवलेलाच नव्हता. पटावर होता. तो रोज हजर आहे म्हटल्यावर रॅम्प का हवा, खुर्ची का हवी, मदतनीस का हवा, विशेष शिक्षक का येत नाहीत, हे प्रश्नच कोणाला पडत नाहीत. गैरहजर मुलासाठी निदान कोणीतरी घरी विचारायला तरी येतं.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या शिबिरात गटसाधन केंद्राच्या, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या कार्यालयाच्या, एक विशेष शिक्षिका भेटल्या. त्यांनी त्याच्याशी पाच-सात मिनिटं गप्पा मारल्या, मग माझ्याकडं वळून विचारलं, “हा घरी का आहे?” मला लगेच उत्तर देता आलं नाही. शेवटी म्हणाले, शाळेनं ठेवायला सांगितलं. तेव्हा त्यांनी मला जे समजावलं, ते तुम्हाला सांगण्यासाठीच मुख्यतः हे पत्र आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. 2012 साली त्याच्या कलम 3 मध्ये दुरुस्ती झाली. त्यात असं आहे की बहुविकलांग किंवा तीव्र विकलांग बालकाला घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचाही हक्क राहील. यातला प्रत्येक शब्द तपासून बघा. हक्क बालकाचा आहे, निवड त्यानं आणि त्याच्या आईबापांनी करायची आहे. आणि ‘चा’ नाही, ‘चाही’ आहे. म्हणजे शाळेत येण्याचा हक्क तर आहेच, वर हाही आहे. जे मूल खरोखरच अंथरुणावरून हलू शकत नाही, त्याच्यापर्यंत शिक्षण घरी पोचावं म्हणून ही सोय केली. शाळेनं पालकाला चहा पाजून सुचवायची ती गोष्ट नाही. आणि घरी शिकवायचं म्हणजे कोणीतरी घरी येऊन शिकवायचं. नुसतं घरी ठेवायचं, याला शिक्षण म्हणत नाहीत.

त्यानंतर 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्याच्या कलम 16 प्रमाणे शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या प्रत्येक शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, खेळ आणि करमणुकीतही बरोबरीनं संधी द्यायची, इमारत आणि आवार वावरण्याजोगं करायचं, त्या त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची, त्याचा सहभाग आणि प्रगती यांच्यावर लक्ष ठेवायचं. येण्याजाण्याची सोयही त्यात आहे, आणि ज्याला जास्त आधार लागतो त्याच्या मदतनिसाचीही. मान्यता असलेल्या खासगी इंग्रजी शाळा यातून सुटत नाहीत, हे तिथल्या पालकांनीही लक्षात ठेवावं.

आता तुमच्याबद्दल. शिक्षण हक्क कायद्यासाठी केंद्रानं 2010 साली जे आदर्श नियम काढले, त्यात व्यवस्थापन समितीच्या कामांमध्ये हे काम स्पष्ट लिहिलं आहे : अपंग मुलं शोधणं, त्यांची नोंदणी आणि सोयी यांच्यावर लक्ष ठेवणं, त्यांचा सहभाग राहील आणि त्यांचं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईल हे पाहणं. मी अनेक सदस्यांना विचारलं. बहुतेकांना हे ठाऊक नव्हतं. सभेत पोषण आहार, शौचालयाचं पाणी, रंगरंगोटी, पंधरा ऑगस्टचा खाऊ हे विषय येतात. तेही लागतातच. पण हा विषय आलेला कोणाला आठवत नव्हता.

तिसरीत आम्ही त्याचं नाव दुसऱ्या शाळेत घातलं. ती दीड किलोमीटर लांब आहे. तिथल्या बाईंना या विषयाचं काही खास शिक्षण नव्हतं, वर्गात अडतीस मुलं. पहिल्या दिवशी मी व्हरांड्यात थांबले होते. बाईंनी हजेरी घेतली. याचं नाव घेतल्याबरोबर पाच-सहा पोरं एकदम ओरडली, “आहे बाई!” बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “मी त्याला विचारलंय.” आणि थांबल्या. त्याची मान मागं गेली, तोंड उघडलं, हात वर गेला, पाय ताठ झाले. सगळ्या अंगानं तो तो शब्द ओढत होता. मी बाहेर भिंतीला नखं रोवून उभी. बाई घड्याळाकडं बघत नव्हत्या, पेन वाजवत नव्हत्या, त्याच्याकडं बघून शांत उभ्या होत्या. शेवटी आलं, “ह...जर.” बाईंनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. शाबास नाही, टाळ्या नाहीत. पुढचं नाव.

आधीच्या शाळेत त्याची हजेरी रोज लागत होती. ती त्यानं स्वतः दिली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

त्या शाळेत आणखी काय केलं ते सांगते, कारण लोकांना वाटतं की याला फार मोठा खर्च येतो. विशेष शिक्षिकेनं मापं दिली, गावातल्या सुतारानं प्लायवूडची एक खुर्ची केली. दोन्ही बाजूंना टेकू, पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पुढं उतरत्या फळीचं टेबल. पेन्सिलला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, त्यामुळे ती जाड झाली आणि त्याच्या डाव्या हातात टिकायला लागली. संडासात वेल्डरनं पाइपचा एक आडवा दांडा बसवून दिला. तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, तो खाली आणला आणि खालचे गुरुजी कुरकुर न करता वर गेले. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत झालं. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या एका विद्यार्थ्यामागं वर्षाला 3500 रुपयांपर्यंतची तरतूद आहे. मुलींना त्याशिवाय महिना 200 रुपयांप्रमाणे दहा महिने प्रोत्साहन भत्ता आहे. तुमच्या शाळेतल्या मुलांच्या नावानं हे येतं का, कशावर खर्च होतं, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

रॅम्पबद्दल थोडं सविस्तर लिहिते. आधीच्या शाळेत रॅम्प होता. जोतं दोन फूट उंच, रॅम्प सहा-सात फूट लांब. एकदा मी त्याला चाकाच्या खुर्चीसकट त्यावरून खाली आणत होते, माझा पाय घसरला, खुर्ची हातातून सुटली आणि तो समोरच्या नळाच्या कट्ट्यावर जाऊन आदळला. हनुवटीला तीन टाके पडले. दरवर्षी यू-डायसच्या, म्हणजे शाळांनी सरकारला पाठवायच्या माहितीत त्या शाळेपुढं ‘रॅम्प : आहे’ असंच जात असणार. हिशेब साधा आहे आणि गवंड्याला तो तोंडी सांगता येतो : एक इंच उंचीला एक फूट लांबी. दोन फूट जोत्याला चोवीस फूट रॅम्प हवा, वर आणि खाली खुर्ची वळायला सपाट जागा हवी, बाजूला कठडा हवा. चोवीस फूट जागा सरळ मिळत नसेल तर भिंतीच्या कडेनं वळवून घ्या. पण निम्मा रॅम्प बांधू नका. त्यापेक्षा पायऱ्या बऱ्या, निदान माणूस मुलाला उचलून तरी घेतो.

तिसरीच्या पहिल्या सहामाहीत पालकसभेत एक ताई उठून म्हणाल्या, “एकामुळं आमच्या सगळ्यांच्या पोरांचा वेळ जातो.” मला वाईट वाटलं, पण त्यांचा राग आला नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. अडतीस मुलांत एका बाईंनी हे सगळं एकट्यानं करायचं, तर वेळ जाणारच. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं आणि 2022 साली केंद्रानं अधिसूचना काढली, की प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागं एक विशेष शिक्षक हवा. आमच्या तालुक्यात एकेक विशेष शिक्षक कितीतरी शाळा फिरतो. आमच्याकडं येणाऱ्या बाई स्वतःच्या स्कूटीवर पेट्रोल घालून येतात. महिन्यातून एकदा दोन तास मिळाले तर नशीब. ही चूक वर्गशिक्षकाची नाही, आणि मुलाची तर नाहीच. हे शासनाचं देणं आहे, आणि समितीनं ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं ते मागायला हवं. प्रत्येक शाळेकडून ठराव गेला तर फायलीचं वजन वाढतं. आईनं एकटीनं अर्ज केला की त्याचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

त्या ताईंचा मुलगा आता माझ्या मुलाचा खास दोस्त आहे, असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. त्यांचं पटत नाही. मधल्या सुट्टीत गोट्यांवरून भांडतात. आणि हे मला फार आवडतं.

बरोबरीची वागणूक म्हणजे काय, हे मला एका तक्रारीनं शिकवलं. एका मुलीची आई माझ्याकडं तावातावानं आली : तुमच्या मुलानं माझ्या मुलीची वेणी ओढली. तेवढ्यात तिचं लक्ष खुर्चीकडं गेलं आणि ती गडबडली. “राहू दे, राहू दे, त्याला काय कळतं!” मी म्हटलं, सगळं कळतं, तुम्ही सांगाच. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला रागावलं, त्या मुलीची माफी मागायला लावली, आणि ‘माफ कर’ हे दोन शब्द पूर्ण होईपर्यंत त्या मुलीलाही समोर उभं केलं. घरी येऊन तो रडला. त्याच्या आयुष्यात घराबाहेरच्या कोणी त्याला रागावण्याची ती पहिली वेळ होती. तोवर सगळ्यांनी त्याच्या केसांवरून नुसते हात फिरवले होते.

म्हणून सांगते, 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आमच्या मुलांना स्टेजवर बोलावून फूल देऊ नका. ‘देवाघरची मुलं’ म्हणू नका. त्यापेक्षा सहलीची बस ठरवताना विचारा, याची खुर्ची कुठं ठेवायची. स्नेहसंमेलनात एकट्याला मधे बसवून बाकीच्यांनी भोवती नाचायचं, असंही नको. गेल्या वर्षी लेझीमच्या रांगेत आमच्या बाईंनी त्याला सगळ्यांबरोबर तिसऱ्या ओळीत ठेवलं. लेझीम मनगटाला बांधली होती. ठेका दोनदा चुकला. इतरांचाही चुकला.

‘आमच्या शाळेत असं मूलच नाही,’ असं ज्या सदस्यांना वाटत असेल, त्यांनी पुन्हा एकदा बघावं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांवर दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हाच्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. त्यात डोळ्यांनी अंधुक दिसणारं मूल आहे, हाक मारली तर न वळणारं आहे, सगळं तोंडपाठ असून फळ्यावरचं वाचता न येणारं आहे, ऑटिझम असलेलं आहे. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटातल्या समित्यांना मुद्दाम सांगते, सिकलसेल हा रक्ताचा आजारही त्या यादीत आहे. अंग दुखतं म्हणून महिन्यातले आठ दिवस न येणारी मुलगी ‘सतत गैरहजर’ नसते, आजारी असते, आणि बुडालेला अभ्यास भरून देण्याची सोय तिला हवी असते.

विशेष शाळांच्या मी विरोधात नाही. मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा आमच्यासारख्या मुलांना कोणी दारात उभं करत नव्हतं. ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांची भाषा बोलणारे दोस्त विशेष शाळेतच भेटतात. 2016 च्या कायद्याचं कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती त्याची. जवळची शाळा दार लावून घेते म्हणून लांबची निवडावी लागली, तर ती पसंती होत नाही. आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात विशेष शाळा असते तरी कुठं?

तुमच्याकडं माझं मागणं आहे ते पुढच्याच सभेसाठी. पट मागवून घ्या. अशा प्रत्येक मुलाचं नाव वाचा आणि विचारा, तो आज वर्गात आहे का. नसेल तर दोन सदस्यांनी, त्यात एक महिला, त्याच्या घरी जा. त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारा, घरी ठेवायचं कोणी ठरवलं. आई लगेच सांगणार नाही. मीही पहिल्यांदा सांगितलं नव्हतं, शाळेवर बालंट नको म्हणून. घरी शिक्षण सुरू आहे असं कागदावर असेल तर शेवटचं कोण, कधी येऊन गेलं आणि वहीत काय लिहिलंय ते बघा. रॅम्पला टेप लावा. आणि समितीची निवड होईल तेव्हा अशा एका तरी मुलाच्या पालकाला घ्या. कायद्यानं वंचित घटकातल्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व आहेच, आणि 2012 पासून दिव्यांग मूल त्या घटकात मोजलं जातं. खोटी हजेरी सापडली तर गुरुजींना फासावर चढवा असं मी म्हणत नाही. खोटी हजेरी त्या दिवसापासून बंद करा आणि मुलाला आणायची व्यवस्था करा.

आमच्या खुर्चीची मापं आणि चित्र विशेष शिक्षिकेनं एका कागदावर काढून दिलं आहे. आमच्या सुतारानं आतापर्यंत त्यावरून आणखी दोन खुर्च्या केल्या, शेजारच्या गावांसाठी. यंदा माझ्या मुलाचीही नवी करावी लागेल, त्याचे गुडघे फळीला लागायला लागले आहेत.

आणि जूनमध्ये तो पाचवीत जाईल. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. येत्या शनिवारी आमच्या समितीची सभा आहे, विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे, ‘पाचवीचा वर्ग खाली घेणे’. मी जाणार आहे. तो म्हणतो, मीपण येतो, मला बोलायचंय. अध्यक्षांना तसं कळवलं आहे आणि सभेला थोडा जास्त वेळ ठेवा, असंही सांगितलं आहे.

आपली,
चौथीतल्या एका मुलाची आई